पुनर्जन्म क्रमांक सहा

१, गुरुवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. दुकानात अशा अकरा उरल्या होत्या आणि साहेब त्या रद्दीत घालायला निघाले होते. कोरा कागद काही नासत नाही, असं म्हणून मी एक घरी आणली. वार तेवढे एकेक दिवस मागे आहेत. जेवण झाल्यावर बसून पूर्ण महिन्याचे छापलेले वार खोडले आणि खरे वार हाताने लिहिले. एकही चूक नाही. मुलीने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, फोनमध्ये कॅलेंडर असतं." असेल. पण फोनमधलं कॅलेंडर कुणी रद्दीत टाकत नव्हतं.

आता मुद्दा. आज साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मागच्या दाराशी आमच्या भाजी विभागाचं जे कचऱ्याचं हिरवं पिंप आहे, त्यात रोज सरासरी चौऱ्याऐंशी किलो माल जातो. मोठ्या ऑफिसातून फर्मान आलंय. महिनाअखेर तपासणी होणार. त्या दिवशी सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, पिंप काट्यावर चढणार आणि काटा बेचाळीसच्या वर गेला तर भाजी विभाग बंद. त्या जागी थंड पाण्याच्या बाटल्यांची कपाटं.

"आणि मी?"

"तुमची सोय केलीय," साहेब म्हणाले. "साबण विभाग."

मी एकोणीस वर्षं भाजी विभागात आहे. टोमॅटो नुसता हातात घेतला तरी तो आणखी किती दिवस काढेल हे मी सांगू शकतो. साबणाबद्दल काय सांगणार? साबण पाच वर्षांनीही साबणच असतो. त्याला माझी गरज नाही.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं. आईला रक्तदाब आहे आणि बायकोला मी आहे, त्यात आणखी भर नको.

२, शुक्रवार

कामाला लागलो. माल मागवताना मी रोज "असू देत दोन पेट्या जास्त" असं म्हणत आलोय. आज म्हटलं नाही. समोरच्या माणसाने फोनवर दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

वाकडी गाजरं कुणी घेत नाही. त्यांची वेगळी टोपली केली आणि लाल पेनने पाटी लिहिली: "आतून सरळ." घडातून सुटलेल्या केळ्यांवर लिहिलं: "एकटं आहे, घरी न्या." दुपारपर्यंत दोन्ही टोपल्या रिकाम्या. एका बाईंनी तर केळं पिशवीत न टाकता हातात धरून नेलं.

पाव विभागाचे मिशीवाले येऊन पाट्या वाचून हसून गेले. त्यांचं पिंप निळं आहे आणि त्याची तपासणी नाही, म्हणून हसू फुटतंय.

४, रविवार

सुट्टी. दुकानात जे चालतं ते घरी का चालू नये, म्हणून सकाळी सातला फ्रिजची तपासणी केली. सापडलं ते असं: अर्धी कापलेली लिंबं पाच, प्रत्येक वेगळ्या वाटीत. एका डब्यात काय आहे हे घरातल्या तिघींपैकी कुणालाही सांगता आलं नाही. बायको म्हणाली हा सासूबाईंचा, आई म्हणाली हा सुनेचा, आणि मुलगी वास घेऊन आत गेली.

सगळ्यांना टेबलाशी बसवून नवे नियम सांगितले. घरातला कचरा रोज तोलला जाईल. उरलेल्या अन्नाला यापुढे उरलेलं म्हणायचं नाही, त्याचा पुनर्जन्म होईल. दुकानातली नाकारलेली भाजी मी साहेबांच्या परवानगीने रोज घरी आणीन आणि रात्रीचं जेवण मी करीन.

"तुम्ही?" बायकोने विचारलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिच्या आवाजात एवढी काळजी मी पहिल्यांदाच ऐकली. भरून आलं.

६, मंगळवार

पुनर्जन्म क्रमांक एक: बटाट्याच्या सालींचं सूप. मोठ्या पातेल्यात केलं, कारण साली सहा किलो होत्या. बायको म्हणाली, "वेगळंच लागतंय." दह्याच्या रिकाम्या डब्यात एक नमुना भरला, लाल पेनने लेबल लावलं आणि फ्रीझरमध्ये ठेवला. प्रत्येक पुनर्जन्माचा असा एक नमुना जपणार आहे. पुढेमागे कुणी माहिती मागितली तर हाताशी हवा.

८, गुरुवार

क्रमांक तीन: कोबीचे दांडे, काकडीच्या साली आणि कालचा क्रमांक दोन. आईने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि हात जोडले.

"बाळा, मला पुनर्जन्म नको. मोक्ष दे."

सगळे हसले. मीही हसलो. आईची विनोदबुद्धी या वयातही शाबूत आहे.

१०, शनिवार

घरात एक सुंदर बदल होतोय. जेवण झाल्यावर मी हात धुवायला गेलो होतो, तेव्हा मुलगी हळूच बायकोला विचारत होती, "आज मोक्षाची पाळी कुणाची?" बायको म्हणाली, "माझी. काल तू गेली होतीस." आणि पिशवी घेऊन ती बाहेर पडली. पाच मिनिटांत परत आली. चेहरा शांत.

म्हणजे गल्लीत कुठेतरी सत्संगासारखं काहीतरी सुरू झालेलं दिसतंय. आईला विचारलं तर म्हणाली, "हो, जवळच आहे. तुमच्या दुकानाच्या मागेच." आईचे गुडघे दुखतात म्हणून ती जात नाही, पण मनाने रोज जाते असं म्हणाली. मी कधी देवाधर्माला अडवलं नाही. खोदून विचारलं नाही.

१२, सोमवार

विक्रम! घरचा कचरा: शून्य. स्वयंपाकघरातला डबा उलटा करून झटकला, कांद्याचं एक फोलपट पडलं. रात्री पातेलं भरून केलेला क्रमांक पाच सकाळी पूर्ण संपलेला होता. इतकी भूक या घराला कधीच नव्हती. आईचं तर वजन वाढलंय. तिच्या खोलीत बिस्किटांचे तीन पुडे दिसले, पण ते पाहुण्यांसाठी आहेत असं ती म्हणाली. तिच्या खोलीत पाहुणे कधी येतात कोण जाणे.

दुकानातलं मात्र कळत नाहीये. पिंप त्रेसष्टवर आलं होतं, आज पुन्हा सत्तर. मी तर सहा किलो माल पिंपात न टाकता घरी नेला होता. सहा किलो कमी टाकले आणि काटा सात किलोंनी वर गेला. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

१४, बुधवार

दिवस वाईट. यायला उशीर झाला, डोकं दुखत होतं. काही कल्पक करायची ताकद नव्हती. शिळा पाव चुरला, कांदा टोमॅटोवर परतला, वर थोडं तिखट. क्रमांक सहा. एकच छोटं पातेलं झालं. यात नवीन असं काही नाही, निव्वळ नोंदीसाठी नमुना ठेवला. सगळे खाली मान घालून जेवत होते. निराश झाले असावेत. आज मोक्षालाही कुणी गेलं नाही.

उद्या भरपाई करीन. फ्लॉवरची पानं आणि केळी, एकत्र.

१५, गुरुवार

पिंप छप्पन्न! एका दिवसात एवढी घसरण. का, ते कळलं नाही. आनंदाच्या भरात रात्री दुप्पट क्रमांक सात केला.

१६, शुक्रवार

पिंप एकाहत्तर.

१७, शनिवार

आज हातमोजे घालून पिंपात उतरलो. भाजीच्या खाली काहीतरी शिजवलेलं होतं. मऊ, करडं, दाणेदार. त्यात फ्लॉवरचं पान दिसलं आणि केळंही. भाजी विभाग शिजवलेलं काही विकत नाही! याचा अर्थ कुणीतरी बाहेरून आणून टाकतंय, आणि जो कुणी टाकतोय त्याचा स्वयंपाक भयंकर आहे. त्या घरातल्या माणसांची मला खरोखर कीव आली.

संशय सरळ मिशीवाल्यांवर. भाजी विभाग गेला तर बाटल्यांच्या कपाटांशेजारची भिंत त्यांच्या पावांना मिळेल, हे ते परवाच कुणालातरी सांगत होते.

१९, सोमवार

पाळत ठेवली. संध्याकाळी साडेसहाला पिंपाशेजारी फ्रिजचं रिकामं खोकं उभं केलं, डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली आणि आत बसलो. घरी निरोप दिला होता की उशीर होईल, क्रमांक दहा सकाळीच करून झाकून ठेवलाय, जेवून घ्या.

सातला पावलं वाजली. भोकातून पाहिलं तर आपली मुलगी! हातात मोठा डबा. ती पिंपाजवळ आली, इकडेतिकडे पाहिलं. मी खोक्याचं झाकण उघडून उभा राहिलो. ती किंचाळली.

"बाबा! तुम्ही खोक्यात काय करताय?"

"कामात आहे. तू इथे कशी?"

तिने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्यासाठी... जेवण आणलं."

पोरीने बाप कुठे आहे हे शोधून काढलं आणि चौघांना पुरेल एवढा डबा आणला. मी तिथेच खोक्यात बसून जेवलो. क्रमांक दहा थंड झाल्यावर जरा घट्ट होतो, घशात रेंगाळतो. तरी तिचं मन मोडू नये म्हणून सगळा संपवला. ती पूर्ण वेळ तोंडावर हात धरून पाहत होती. डोळ्यांत पाणी. मुलींचा जीव बापावर असतो तो असा.

मिशीवाले फिरकले नाहीत. झोपण्याआधी दोनदा ओवा चावावा लागला, चिंतेने असेल.

२४, शनिवार

साहेबांनी तारीख सांगितली: एकोणतीस. सकाळी आठ वाजता. मोठ्या ऑफिसातल्या बाई स्वतः येणार.

घरी फक्त "तपासणी आहे" एवढंच सांगितलं. बायकोने विचारलं, "कोणत्या वारी?" डायरी उघडली. एकोणतीसवर गुरुवार होता. डायरी गेल्या वर्षीची, वार एक पुढे धरायचा हे माझ्या लक्षात होतं, म्हणून सांगितलं, "शुक्रवारी." अशा छोट्या गोष्टीतच माणसाची गफलत होते.

पिंप एकावन्न. पाच दिवसांत नऊ किलो उतरायला हवेत. आज साबण विभागातून चक्कर मारून आलो. एकशे चाळीस प्रकारचे साबण आहेत. लिंबाच्या वासाचा एक हुंगला आणि खऱ्या लिंबांची आठवण येऊन कसंसंच झालं.

२८, बुधवार

उद्या निकाल. दिवसभर दुकानात राबलो. "आतून सरळ" टोपली चार वेळा भरली आणि चार वेळा संपली. संध्याकाळी सहाला पिंपात डोकावलो. एकोणीस वर्षांचा डोळा आहे माझा: एक्केचाळीस किलो, फार तर साडेएक्केचाळीस. जमलं!

घरी आलो तर बायकोने स्वतः जेवण केलं होतं. म्हणाली, "दमलाय, आज राहू द्या. फ्रिजही मी आवरलाय, परवा तपासणीचा दिवस, घर कसं मोकळं वाटायला हवं." फ्रीझर उघडला तर सगळे नमुने गायब.

"कुठे गेले?"

"मोक्षाला," आई आतून म्हणाली.

म्हणजे सत्संगात वाटले! चौदा पुनर्जन्म, अनोळखी माणसांच्या मुखी. माझ्या कामाचं यापेक्षा चांगलं चीज काय होणार? शांत झोपणार आहे.

२९, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

आठला बाई आल्या. चष्म्याला साखळी, हातात वही, चेहऱ्यावर एक रेष नाही. मी, साहेब आणि उगाच आलेले मिशीवाले. पिंप काट्यावर चढवलं. मी एक्केचाळीस म्हणायला तोंड उघडलं.

सत्तेचाळीस पूर्णांक नऊ.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला लिंबाच्या साबणाचा वास येऊ लागला. बाई म्हणाल्या, "झाकण काढा." मिशीवाल्यांनी काढलं. वरच, नीट रचलेले, दह्याचे डबे. बाईंनी एक उचलला आणि मोठ्याने वाचलं:

"पुनर्जन्म क्रमांक एक. बटाट्याच्या सालींचं सूप. ढवळून प्यावे."

दुसरा उचलला. "पुनर्जन्म क्रमांक सात. फ्लॉवरची पानं, केळी. आवडल्यास कळवावे."

बाईंनी डबा हातात धरून दारातून आत पाहिलं. समोरच गाजरांची पाटी होती. तेच लाल पेन, तोच मोठा 'आ'.

साहेब माझ्या कानात पुटपुटले, "बाहेरच्या कुणीतरी टाकलं म्हणा. संपला विषय."

म्हणता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येऊन उभी राहत होती. शून्य कचरा. पाच मिनिटांचा सत्संग. "तुमच्या दुकानाच्या मागेच." डबा घेऊन उभी असलेली मुलगी. आणि त्या घरातल्या माणसांची मला आलेली कीव.

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो. "डबेही माझे. हे माझ्या घरून आलंय."

"आणि यातली भाजी?"

"इथलीच. मी रोज इथून घरी नेत होतो."

बाईंनी वही मिटली. "थांबा. म्हणजे कोबी दुकानातून तुमच्या घरी जायचा, आणि घरून परत दुकानात यायचा?"

"हो."

"मध्ये काय व्हायचं?"

"मीठ पडायचं," मी म्हणालो. "आणि पाणी." आणि तो सातवा किलो कुठून यायचा, हे मला त्या क्षणी कळलं.

मिशीवाल्यांच्या मिशा हलल्या. बाईंच्या चेहऱ्यावर अजूनही एक रेष नव्हती, पण चष्म्याची साखळी हलत होती. त्या म्हणाल्या, "दाराबाहेर गेलेला माल दुकानाचा राहत नाही. घरचं बाजूला काढा आणि पुन्हा तोला." मिशीवाल्यांनी बाह्या सरसावून एकेक डबा काढला. मला मदत करणारे तेच एकटे होते, आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवली होती. नंतर त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

एक्केचाळीस पूर्णांक चार.

भाजी विभाग राहिला! साहेबांनी मला मिठी मारली. बाईंनी सही केली आणि जाता जाता विचारलं, "हे घरी खातं कोण?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. एवढं कळायला मला पूर्ण महिना लागला.

संध्याकाळी घरी तिघी सोफ्यावर ओळीने बसल्या होत्या. दुकानातली बातमी गल्लीत यायला वेळ लागत नाही. बायको रडकुंडीला आली होती. "तुम्ही शुक्रवार म्हणाला होतात! म्हटलं गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन सगळं घेऊन जाईल." डायरी पाहिली. गुरुवारच लिहिलाय, माझ्याच हाताने. मग मी शुक्रवार का म्हणालो, देव जाणे. जुन्या डायरीचा हा तोटा.

मग मी साबणाचं सगळं सांगितलं.

"महिनाभर एकट्याने हे घेऊन फिरत होतात?" ती म्हणाली. "आणि आम्ही रोज तिथेच नेऊन ओतत होतो! एका शब्दाने सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी सांगायचं, की खाववत नाही म्हणून."

ती म्हणाली, "तुम्ही आल्या आल्या एप्रन बांधायचात आणि गाणं गुणगुणायचात. इतक्या वर्षांत तुम्हाला घरात गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. कसं सांगणार?"

मला माहीत नव्हतं मी गुणगुणतो. खूप लाज वाटली आणि खूप बरं वाटलं, दोन्ही एकदम.

३०, शुक्रवार

नवा नियम, आणि तो मी केलेला नाही. बायकोने केला: पातेलं चढवण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, किती खाणार? बावीस वर्षांत हा प्रश्न या घरात कुणीही कुणाला विचारला नव्हता.

दुपारी डबे धुवायला बसलो. बाजूला काढलेले डबे मिशीवाल्यांनी पिशवीत घालून दिले होते. मोजले तर तेरा. पुन्हा मोजले. एक ते चौदा, आणि मधला सहा नाही. पिंपात नाही, फ्रिजमध्ये नाही. बायकोने हात वर केले, मुलीने आजीच्या खोलीकडे पाहिलं.

आईच्या उशाशी बिस्किटांच्या पुड्यांमागे तो होता. स्वच्छ धुतलेला. लेबल मात्र जपून तसंच ठेवलेलं, त्यात तिची औषधं.

"हा मोक्षाला गेला नाही?" मी विचारलं.

"गेला की. माझ्या हातून गेला. चाटूनपुसून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तू आम्हाला काही शिकवत नव्हतास. नुसतं जेवायला केलं होतंस."

आज आल्यावर एप्रन बांधला. विचारलं, किती खाणार? आई दोन वाट्या म्हणाली, बायको एक, मुलगी "बघते" म्हणाली आणि मग दोन म्हणाली. शिळा पाव चुरला, कांदा टोमॅटोवर परतला, वर थोडं तिखट. गुणगुणतोय का ते मध्येच थांबून ऐकलं. गुणगुणत होतो.

जेवणं झाल्यावर सवयीने लाल पेन आणि लेबल घेऊन पातेल्यापाशी गेलो. भरायला काही उरलंच नव्हतं.